कॅनडाच्या इमिग्रेशन मंत्री लीना डायब यांना खुलं पत्र: या पोरांना वर्क परमिटचे अजून १८ महिने द्या

लीना मॅडम, नमस्कार.

हेच पत्र इंग्रजीत तुमच्या ऑफिसला आणि आमच्या एमपींना ईमेल केलंय. मराठीत इथे टाकतेय कारण ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या पोरांच्या गावाकडच्या आईवडिलांनाही वाचता यावं.

मी ब्रॅम्प्टनला राहते, सोळा वर्षं झाली, सिटिझन आहे, मत देते. आमच्या बेसमेंटला एक मुलगा भाड्याने राहतो, संगमनेर तालुक्यातला, मला ताई म्हणतो. मेकॅनिकल इंजिनियर, चाकणला तीन-चार वर्षं नोकरी केली आणि सप्टेंबर २०२१ ला इथे कॉलेजला आला, वडिलांनी शेत तारण ठेवून लोन काढलं. डिसेंबर २०२२ ला डिप्लोमा संपला, फेब्रुवारी २०२३ ला पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे शिक्षण झाल्यावर इथे काम करायची परवानगी, हातात आलं, तीन वर्षांचं. ते फेब्रुवारी २०२६ ला संपतंय. त्याच्या फ्रिजवर कालनिर्णय असतं, गावाहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी आई पाठवतेच, तर नवीन आल्या आल्या त्याने फेब्रुवारीच्या पानावर लाल पेनाने एका तारखेला गोल केला. बाजूला काही लिहिलेलं नाही.

हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं, वाढवून मिळत नाही. तीन वर्षं ऐकायला भरपूर वाटतात पण त्यातली कामी किती येतात ते बघा. पहिलं दीड वर्ष त्याने वेअरहाऊसमध्ये खोकी उचलली, कारण कॅनेडियन एक्सपिरियन्स नसलेल्या माणसाला दुसरीकडे कुणी दारात उभं करेना, आणि ते दीड वर्ष पीआरला, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीला, धरतच नाहीत कारण ते काम स्किल्डमध्ये बसत नाही. फुल टाइम शिकत असताना केलेलं कामही धरत नाहीत. मग तिथेच सुपरवायझर झाला तेव्हा कुठे त्याचे दिवस मोजायला लागले, आणि वर्ष भरून बघतो तर एक्सप्रेस एन्ट्रीचा, म्हणजे पॉइंटांवर पीआरसाठी माणसं निवडायच्या पद्धतीचा, कटऑफ ५३० च्या आसपास जाऊन बसलेला. याचे ५१३.

ऑक्टोबरमध्ये त्याला तीस पूर्ण झाली. मी शिरा करून खाली घेऊन गेले, तिकडून आईचा व्हिडिओ कॉल, सगळे हसतायत, आणि फोन ठेवल्यावर म्हणाला, ताई, आज पाच पॉइंट गेले. मला आधी कळेचना. तुमच्या सीआरएसमध्ये, म्हणजे त्याच पॉइंटांच्या हिशोबात, एकट्या माणसाला २९ वर्षांपर्यंत वयाचे ११० मिळतात, तिशी भरली की १०५, आणि पुढे दर वाढदिवसाला अजून कमी. म्हणजे ५०८. शिरा तसाच ठेवला त्याने, दुसऱ्या दिवशी डब्यात नेला. आता रात्री शिफ्टवरून आला की फ्रेंच शिकतो, कारण फ्रेंचवाल्यांचा कटऑफ बराच खाली असतो. जेवताना ताटाशेजारी मोबाईल आणि क्रियापदं पाठ करणं चालू.

मार्क मिलर मंत्री असताना जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा आणली, ती चूकच होती असं मी म्हणणार नाही. एकेका घरात दहा-बारा पोरं दाटीवाटीने राहताना आमच्याच गल्लीत बघितलीत. मार्च २०२५ ला जॉब ऑफरचे पॉइंट काढले, तेही समजू शकते, एलएमआयए, म्हणजे बाहेरचा माणूस ठेवायला कंपनीला लागणारा सरकारी मंजुरीचा कागद, तो विकत घ्यायचा बाजारच झाला होता. पण ही पोरं काही चोरवाटेने आली नाहीत हो. ऑन्टारियो सरकारने २०१९ ला इथल्या मुलांची फी १० टक्के कमी करून गोठवली, कॉलेजांनी खर्च भागवायला बाहेरची मुलं वाढवली, त्यांच्याकडून कितीतरी पट फी घेतली, आणि सगळ्यांनी घेऊ दिली. तेव्हा परमिटचं आणि पीआरचं स्वप्न दाखवूनच ॲडमिशन व्हायच्या.

नवीन मुलांचं अजून वेगळंच. नोव्हेंबर २०२४ पासून हे वर्क परमिट मिळायला कॉलेजच्या कोर्सेसना विषयांची यादी लावली, जुन्यांना त्यातून सूट दिलीत, ते चांगलं केलंत. मग २५ जून २०२५ ला त्या यादीतून १७८ कोर्स काढले आणि दोन आठवड्यांच्या आत ते काढणं पुढच्या वर्षावर ढकललं. संगमनेरला बसून लोनच्या कागदांवर सह्या करणाऱ्या बापाने कुठली यादी खरी धरायची? ॲडमिशनच्या दिवशी जी यादी असेल तीच त्या मुलाला शेवटपर्यंत लागू ठेवा, एवढं तरी करा.

आणि जी पोरं आधीच कामावर आहेत, ज्यांचं स्किल्ड कामाचं एक वर्ष भरलंय, टॅक्स भरतायत, त्यांना एकदा १८ महिने वाढवून द्या. हे मी नवीन काही मागत नाहीये. २०२१, २०२२ आणि २०२३ मध्ये तुमच्याच सरकारने दिले होते, डिसेंबर २०२३ ला सांगितलं की आता नाही. तेव्हा माणसं हवी होती म्हणून दिलेत ना, मग याची कंपनी आजही म्हणतेय की आम्हाला हा हवाय.

तुम्ही नोव्हा स्कोशियाच्या इमिग्रेशन मंत्री होतात, तुमचं कुटुंबही लेबनॉनहून आलेलं, माणूस नवीन गावात रुजायला किती वेळ लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको. याचा सिन नंबर, म्हणजे इथे नोकरी करायला लागणारा सरकारी नंबर, ९ ने सुरू होतो, परमिट संपलं की तोही संपणार. मॅनेजर दर आठवड्याला विचारतो, नवीन कागद आला का. आणि हा दर आठवड्याला म्हणतो, अजून नाही.

मॅडम, फेब्रुवारीच्या आत काहीतरी कळवा.

ब्रॅम्प्टनची एक मतदार