डीव्हीडी नको, पेनड्राइव्ह तरी द्या

मुलीच्या लॅपटॉपची हार्डडिस्क ऐन परीक्षेत गेली. लॅपटॉप जेमतेम दीड वर्षाचा. नौपाड्यातल्या दुरुस्तीवाल्याने विचारले, "काका, विंडोजची सीडी मिळाली होती का?" खोक्यात होता फक्त चार्जर आणि वॉरंटीचा चतकोर कागद. कंपनीच्या फोनवर उत्तर मिळाले, 'रिकव्हरी (विंडोज पुन्हा टाकायची सोय) आतच दिलेली आहे.' पण ती असते त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात! डिस्क गेली की तीही गेली. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज फुकट उतरवता येते आणि विंडोज ८ पासून परवान्याची 'की' (सांकेतिक क्रमांक) बहुधा मदरबोर्डच्या चिपमध्येच असते, हे विकताना कोणी सांगितले नाही, भाच्याकडून कळले. तोवर दुरुस्तीवाल्याने 'पाचशेत टाकून देतो' म्हणत कुठली तरी क्रॅक केलेली, म्हणजे बेकायदा प्रत पुढे केलीच होती. आजकाल लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, हे मान्य. मग पेनड्राइव्ह द्या. विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत आपण मोजलेलेच असतात. निदान खरेदीच्या दिवशी दुकानदाराने विंडोजचा पेनड्राइव्ह समोर बसून तयार करून द्यावा. बॅगा आणि माउस फुकट वाटतातच की!

— एक वाचक, ठाणे (प.)