वनमंत्र्यांना खुले पत्र: पोराच्या खिशातली काडेपेटी

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न.

आमच्याकडे संगमेश्वर तालुक्यात सध्या भाजवळ चालू आहे, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन पेरणीआधी भाजून घेणं. परवा माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या चड्डीच्या खिशात काडेपेटी सापडली. "विस्तवाशी खेळलास तर रात्री अंथरुणात मुतशील," असं आजीने बजावलं. मी एक धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी चुलीजवळची काडेपेटी गायब!

शेवटी माझे वडील त्याला पहाटे तरव्याच्या दाढीवर, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यावर, घेऊन गेले. खाली शेण, त्यावर ऐन-किंजळाच्या फांद्यांची कवळं, म्हणजे जुड्या, मग पातेरा म्हणजे सुका पाला, गवत आणि वर बारीक माती. वडील म्हणाले, "वारा पाठीशी घेऊन आग लावलीस तर ती पळते. वारा जातो त्या टोकाला लाव, मग ती चालत येते." काडी त्यालाच ओढायला दिली. मातीतून धूर झिरपायला लागला. पळणारे किडे टिपायला कोतवाल पक्षी आला, अगदी ज्वाळेच्या नाकासमोरून. "आजोबा, त्याला चटका नाय बसत?" याचं उत्तर आजोबांकडेही नव्हतं. नंतर दोन तास पोरगा पानांचा ओला टाहाळ घेऊन सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या माळाच्या, बाजूला उभा होता, ठिणगी उडाली की झोडपायला. इतका वेळ तो जेवायलाही एका जागी बसत नाही.

साहेब, गेल्या मार्चमध्ये त्याच सड्यावरून वणवा उतरला आणि आमची बावीस काजूची कलमं गेली. कोणी लावला, कळलं नाही. भर दुपार होती, पोरं शाळेत होती, एवढं मात्र नक्की.

तुमच्या खात्याच्या पाट्या आहेत, राखीव जंगलात आग लावायला बंदी करणारं १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ आहे, वणव्याचा उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो. शाळेत वणव्यावर चित्रकला स्पर्धाही होते. पोरं लाल खडू संपवतात आणि सुटतात. पण वणवा अडवायला तुमची माणसं स्वतः जाळरेषा काढतात, गवताचा पट्टा मुद्दाम जाळतात, हे त्या पोरांना कोणी दाखवलेलं नाही. माझी मागणी एवढीच, की १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू व्हायच्या आत गावोगावच्या चौथी-पाचवीच्या पोरांना ते काम लांब उभं करून दाखवा. सोबत गावातला एखादा म्हातारा घ्या, वारा त्याला तुमच्या माणसांपेक्षा जास्त कळतो. हॅलो फॉरेस्ट या तुमच्या खात्याच्या हेल्पलाइनचा १९२६ हा नंबर तिथेच पाठ करून घ्या.

रविवारी आमची वरची दाढ भाजायची आहे, वारा सुटायच्या आत. तुमच्या खात्यातलं कोणी आलं तर बरं होईल. चहा आमच्याकडे.

आपला,
संगमेश्वर तालुक्यातला एक शेतकरी