शनिवारच्या जपानी वर्गासाठी आणखी दोघे हवेत

सदस्यांनो, नमस्कार. इंदोऱ्याच्या शाळेतला तिसरी-चौथीचा जपानी वर्ग येत्या शनिवारी सकाळी साडेआठला सुरू होतोय. शिकवायला अजून दोघे जण हवेत. परीक्षा दिलेलीच हवी असं नाही; हिरागाना या जपानी लिपीची ४६ मूळ अक्षरं नीट लिहिता-वाचता आली आणि साधं बोलता आलं की पुरे. क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, त्यामुळे आपली मुलं छोटी वाक्यं पटकन उचलतात. व्याकरण मुळीच नको. घडीकामाचे चौकोनी कागद आणा; घड्या मोजता मोजता इची, नी, सान (एक, दोन, तीन) आपसूक पाठ होतं.

मात्र दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नेमाने येणार असाल तरच नाव द्या. ताई-दादा मध्येच यायचे थांबले की मुलं फार हिरमुसतात. नावं गुरुवारपर्यंत इथेच कळवा. शाळेत येताना ओळखपत्र सोबत ठेवा.