वॅटमागे ग्रॅम

प्रिय संज्या,

तब्येत बरी आहे, पाठ अधूनमधून धरते. पुढचं दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो हसेल, नाहीतर घरी कळवेल. आई अजून सगळ्यांना 'पोरगा ऑन्टारियोत टोमॅटो पिकवतो' म्हणूनच सांगते. सांगू दे. तिकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने ज्यासाठी आत टाकतात, त्या गांजाच्या लागवडीला इथलं कॅनडाचं सरकार 2018 च्या कायद्याने परवाना देतं आणि वर सुक्या फुलांवर ग्रॅममागे निदान एक डॉलर अबकारी घेतं.

तर भानगड उत्पादनाच्या आकड्याची आहे. आमची झाडं बंद खोल्यांत दिव्यांखाली वाढतात. साहेबाने चार नंबरची खोली 'सर्वोत्तम' ठरवली, कारण तिथे वॅटमागे ग्रॅम सगळ्यांत जास्त. आता बाकीच्या खोल्यांतले दिवेही तसेच मंद करा म्हणतोय. तूच हिशोब कर. समज, चौरस मीटरला 600 वॅट आणि 540 ग्रॅम माल: वॅटमागे 0.9. दिवा 400 वर आणला, माल आला 400 ग्रॅम: वॅटमागे 1. फळ्यावरचा आकडा चढला, पोत्यातला माल घटला! खोलीचं भाडं, माणसं, झाडं तेवढीच.

ग्वेल्फ विद्यापीठाचा 2021 चा पेपर त्याच्यापुढे ठेवला. त्यांनी झाडांवरचा प्रकाश 120 पासून 1800 मायक्रोमोलपर्यंत (हे प्रकाश मोजायचं माप) चढवत नेला, तर फुलांचं उत्पादन सरळ रेषेत वाढत गेलं. टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचं, प्रमाण मात्र होतं तेवढंच. साहेब म्हणतो, वीजबिल तुझा काका भरणार का? प्रश्न बरोबर आहे रे, म्हणून तर डोकं उठलंय. इथे मालाचे भाव पडलेत, वीज खरंच टोचते. पण मग डॉलरमध्ये बोल ना, वॅटच्या आड का लपतोस?

त्यात वजन कधी घ्यायचं यावरून रोज वाद. कापणीच्या दिवशी खोडासकट ओली झाडं काट्यावर चढवतात आणि टाळ्या पिटतात. सुकल्यावर जेमतेम चौथा हिस्सा उरतो. दांडी वाकवली की वाकता कामा नये, कट्कन मोडली पाहिजे. मग कर वजन. काटा मारल्याची ओरड तू जन्मभर ऐकलीस, पण स्वतःवरच काटा मारणारा मालक पाहिला नसशील.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात तू आडसाली आणि सुरू उसाच्या टनांवरून मेस बंद होईपर्यंत भांडायचास ना, 'सोळा-अठरा महिन्यांचा ऊस बारा महिन्यांच्या शेजारी ठेवू नका, आधी महिन्यांनी भागा'? मी तुला कारकून म्हणालो होतो. शब्द मागे घेत नाही, पण इथे तेच हवंय: चौरस मीटरमागे, वर्षाला, सुका, विकण्याजोगा माल. एक जात आठ आठवड्यांत निघते, दुसरी दहा घेते. खोली वर्षात किती वेळा रिकामी होते ते कुणी धरतच नाही.

वहिनींची बदली रद्द झाली का? पोराच्या दहावीचं काय? बाप्याचे पैसे आले नसतील, मागू नकोस.

तुझा तो महिन्यांनी भागायचा तक्ता अजून असेल तर फोटो काढून पाठव. रविवारच्या आत. सोमवारी साहेबाबरोबर बैठक आहे.

तुझा,
अव्या