बंधाऱ्यावरचे फूट आमच्या उंबऱ्याशी जोडून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण आमच्या गावाचा पुराचा नकाशा करून दिल्याबद्दल आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. पंचगंगेकाठच्या बाकी गावांनीही हे वाचावं अशी फार इच्छा आहे.

पावसाळ्यात आमच्या कोल्हापूर भागात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. आकडे मोबाइलवर येत राहतात. पण 43 फूट झाले म्हणजे आमच्या गल्लीत पाणी कुठवर, हे कुणालाच सांगता यायचं नाही. 2019 ला पातळी 55 च्या वर गेली, 2021 ला 56 च्याही वर. "गेल्या खेपेला हितवर आलं नव्हतं," हाच सगळ्यांचा हिशोब. त्या हिशोबापायी माणसं अडकली आणि जनावरं दावणीला राहिली.

2021 चा पूर ओसरल्यावर तुम्ही आलात. पहिल्या दिवशी जमिनीची उंची मोजायचं लेव्हलचं मशीन पेटीतनं काढलंच नाहीत. घरोघर जाऊन म्हणालात, पाणी कुठवर चढलं होतं ते फक्त दाखवा. कुणी भिंतीवरची गाळाची रेघ दाखवली, कुणी देव्हाऱ्याचा कोनाडा. आमच्या शेजारच्या आजी तुम्हाला हात धरून आत घेऊन गेल्या. "हितं बघ बाई, फडताळाच्या दुसऱ्या खणापतोर. खालच्यातली डाळ कुजली, वरच्यातली ऱ्हायली." दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच खणाला स्टाफ, म्हणजे मोजणीची आकड्यांची उभी पट्टी, लावून उंची घेतलीत. आजींच्या सांगण्याला नकाशात जागा मिळाली, हे त्या अजून येईल त्याला सांगतात.

सगळ्यात मोठी गोष्ट निघाली ती ओढ्याची. पाणी नदीच्या अंगाने येणार, असंच गाव धरून चाललं होतं. नदी चढली की ओढ्याचं पाणी पुढे जायचं थांबतं आणि नदीच उलटी ओढ्यातनं आत सरकते, हे तुमच्या कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, रेषांवर पहिल्यांदा नीट दिसलं. शाळा उंचावर, म्हणून पूर आला की शाळेत जायचं हे ठरलेलं. पण शाळेचा रस्ता ओढ्याच्या मोरीवरनं जातो. तुमच्या हिशोबाने बंधाऱ्यावर 44 फूट झाले की मोरी बुडते आणि गावठाणातल्या पहिल्या घरात पाणी शिरतं 46 ला. म्हणजे घरात पाणी आल्यावर निघणाऱ्याला शाळा गाठताच यायची नाही! दोन्ही पुरांत हेच झालं होतं आणि आम्ही नशिबाला बोल लावत होतो. त्या संध्याकाळी समाजमंदिरात नकाशासमोर सगळे किती गप्प झाले होते, तुम्हाला आठवत असेल.

निळ्या आणि लाल पूररेषेवरून ग्रामसभेत आवाज चढले, तेव्हाही तुम्ही उठून गेला नाहीत. रेषा आखली की बांधकाम अडतं, जमिनीचा भाव पडतो, ही लोकांची भीती खोटी नाही, असं तुम्हीच आधी म्हणालात. मग समजावलंत. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, पण म्हणून एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षं सुटका नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता असतेच. निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, तिथे दर वर्षी शंभरात चार. घर बांधून तीस वर्षं राहायचं म्हटलं, तर लाल रेषेवरच्या घरालाही त्या तीस वर्षांत कधी ना कधी पाणी लागायची शक्यता शंभरात सव्वीस आणि निळ्या रेषेवर सत्तरच्या आसपास. बँकेचं कर्ज काढून घर बांधू पाहणाऱ्या दोघा पोरांनी त्यानंतर जागा बदलली.

मग खांबांवरचे पट्टे. गल्लीतल्या प्रत्येक विजेच्या खांबावर, इथे पाणी टेकायचं तर बंधाऱ्यावर किती फूट लागतात, तो आकडा आमच्या बचत गटाच्या बायकांनी रंगवला. "हे फूट-दीड फूट इकडेतिकडे होणार, तेव्हा आकड्याच्या दोन फूट आधीच हला," हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत, की आता लहान पोरंही तेच म्हणतात.

2024 च्या जुलैत पातळी 47 च्या वर गेली. 42 ला आम्ही म्हशी हलवल्या, पाठोपाठ अंथरुणाला खिळलेली माणसं आणि दिवस भरलेली एक पोरगी. मोरी बुडाली तेव्हा ओढ्याच्या अलीकडे फक्त तरणी माणसं राहिली होती, घरातलं सामान वर चढवायला. ओढ्याकडच्या घरांत पाणी शिरलंच, ते नकाशाने थांबणार नव्हतं. पण त्या खेपेला कुणाला नावेतनं काढावं लागलं नाही. त्या पोरीला मुलगी झाली, दवाखान्यात, सुखरूप. हे तुम्हाला कळवायलाच हवं होतं.

आता एक हक्काचं मागणं. ओढ्याच्या वरच्या अंगाला रस्त्याचा भराव पडलाय आणि शेजारच्या शेतात माती टाकून प्लॉट पाडलेत. पाण्याची वाट बदलली असणार, खांबांवरचे आकडे आता धरून चालायचे की नाही हे आम्हाला ठरवता येत नाही. पावसाआधी एकदा या. स्टाफ धरायला आमच्यातल्या चौघी शिकल्या आहेत, राहायचं आमच्याकडेच.

तुमची,
खालच्या गल्लीतल्या बचत गटाची सचिव