हॉजसन यांची उरलेली वीस वर्षे

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीत थिऑसॉफिकल सोसायटीवर आलेला लेख आवडला. मात्र त्यात, सोसायटीच्या एक संस्थापिका मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या चमत्कारांची चौकशी करणाऱ्या रिचर्ड हॉजसन यांना ‘मादाम ब्लाव्हाट्स्कींचे बिंग फोडणारा इंग्रज’ म्हणून एका ओळीत उरकले, हे मनाला लागले. एक तर ते इंग्रज नव्हते. १८५५ साली मेलबर्नला जन्मलेला हा ऑस्ट्रेलियन माणूस तिथे कायदा शिकला, मग केंब्रिजला तत्त्वज्ञानाकडे वळला आणि हेन्री सिजविक या गुरूंमुळे १८८२ साली स्थापन झालेल्या मानसिक संशोधनाच्या, म्हणजे गूढ दाव्यांच्या तपासाच्या, लंडनमधील संस्थेत आला. दुसरे म्हणजे मद्रासजवळच्या अड्यारचे, सोसायटीच्या मुख्यालयातील चौकशीचे, प्रकरण झाले तेव्हा ते तिशीचेही नव्हते. त्यानंतर ते वीस वर्षे याच कामात होते.

अड्यारची चौकशी मोठीच होती. १८८४ च्या अखेरीस ते भारतात आले. महात्मे म्हणवल्या गेलेल्या अदृश्य गुरूंची पत्रे ज्या कपाटात प्रकट होत, ते तोपर्यंत जाळून टाकलेले होते. त्यामुळे उरल्या भिंती, हस्ताक्षरे आणि माणसांच्या जबान्या. १८८५ मध्ये छापलेला अहवाल सुमारे दोनशे पानांचा आहे. ती पत्रे मादामनीच लिहिली हा त्यातला हस्ताक्षरांचा युक्तिवाद कच्चा असल्याची कडक टीका पुढे १९८६ साली त्याच संस्थेच्या नियतकालिकाने छापली, हेही आपल्या लेखात यायला हवे होते.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. या भारतवारीत हॉजसन यांनी एका हॉटेलसमोर एका जादूगाराचा खेळ पाहिला. जमिनीवर दोन लाकडी बाहुल्या आणि काही नाणी. जादूगार बोलला की बाहुल्या हलत, नाणी उडत. एका लष्करी अधिकाऱ्याने खिशातले नाणे काढून विचारले, ‘हेही उडेल का?’ तो ते स्वतः जमिनीवर ठेवणार होता, पण जादूगाराने हात पुढे करून ते घेतले आणि आपणच खाली टाकले. नंतर तोच अधिकारी हा प्रसंग दुसऱ्याला सांगताना म्हणाला, नाणे मी माझ्या हाताने ठेवले! तो खोटे बोलत नव्हता, त्याला तसेच आठवत होते. सगळी हातचलाखी ज्या एका क्षणात होती, नेमका तोच क्षण त्याच्या आठवणीतून गळाला होता.

हॉजसन यांनी हे सोडले नाही. एस. जे. डेव्ही या तरुण सहकाऱ्याने माध्यम, म्हणजे मृतात्म्यांशी संपर्क साधणारी व्यक्ती, असल्याची बतावणी करून पाटीवर ‘आपोआप’ अक्षरे उमटवून दाखवायची आणि पाहणाऱ्यांनी घरी जाऊन काय पाहिले ते लिहून पाठवायचे, असा प्रयोग दोघांनी केला. शिकलेल्या, सावध माणसांच्या वर्णनांत महत्त्वाच्या हालचाली गायब झाल्या होत्या, घटनांचा क्रम उलटला होता. हे १८८७ साली छापून आले. कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवताना मी दर वर्षी नाण्याची एक साधी युक्ती करून दाखवत असे आणि दुसऱ्या दिवशी मुलांना ती लिहायला सांगत असे. मुलांच्या वह्यांत तो लष्करी अधिकारी दर वर्षी भेटे. म्हणूनच माझ्या मते अड्यारच्या अहवालापेक्षा हे काम मोलाचे आहे.

१८८७ मध्येच ते बॉस्टनला गेले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांना थक्क केलेल्या लिओनोरा पायपर या माध्यम असलेल्या गृहिणीच्या मागे त्यांनी खाजगी गुप्तहेर लावले. लबाडी सापडली नाही. १८९५ मध्ये केंब्रिजला युसापिया पालादिनो ही माध्यम बैठकीत इतरांनी धरलेला आपला हात गुपचूप सोडवून घेते, हे त्यांनीच उघड केले. पायपरबाईंच्या बाबतीत मात्र त्यांचे मत बदलले. १८९२ साली वारलेला त्यांच्या ओळखीचा जॉर्ज पेल्यू बाईंच्या तोंडून बोलतो आणि आलेल्या शेदीडशे लोकांतून आपले जुने परिचित अचूक ओळखतो, असे त्यांना दिसले. १८९८ च्या अहवालात, मृत माणसेच बोलत असावीत असे त्यांनी लिहिले.

मला हा निष्कर्ष पटत नाही. ‘बरोबर ओळखले’ हे शेवटी समोर बसलेला माणूसच ठरवत होता, आणि अशा माणसावर किती विसंबावे हे हॉजसन यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? पण ज्या खुर्चीत त्यांनी इतरांना बसवले तिथे ते स्वतःही बसले आणि जे वाटले ते नाव घालून छापले. अविवाहित राहून, तुटपुंज्या मानधनावर हे केले. २० डिसेंबर १९०५ रोजी बॉस्टनमध्ये हँडबॉल खेळताना ते कोसळले आणि गेले. वय पन्नास. पुढे पायपरबाईंच्या तोंडून ‘हॉजसन’ बोलू लागले. जेम्स यांनी त्या बैठकांवर १९०९ साली सविस्तर अहवाल लिहिला, पण हा आपला मित्रच, असे ते ठामपणे म्हणू शकले नाहीत.

या वीस वर्षांवर स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. डेव्हीच्या पाट्यांचा प्रयोग त्यात जरूर यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा