वेळ देताना जपून दे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

गोदामाच्या किल्ल्या आता तुझ्याकडे येणार. हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला जमतो, म्हणून जमाखर्चावर फार पानं खर्च करत नाही. मला लिहायचंय ते वेगळंच आहे. बांधकामाचा माल पुरवणाऱ्याकडे माणसाला इजा होते ती बहुतेक वेळा माल भरताना नाहीतर उतरवताना. आणि त्या वेळी जी घाई चाललेली असते, तिचा माग काढत गेलीस तर ती मालकाने फोनवर दिलेल्या शब्दापाशी येऊन थांबते.

ठेकेदाराचा फोन येतो. स्लॅब पडायचाय, सेंट्रिंग (काँक्रीट धरणारा फळ्या-टेकूंचा साचा) तयार आहे, माणसं उभी आहेत आणि सळई कमी पडली. तो खोटं बोलत नसतो. काँक्रीटचं काम भलत्या ठिकाणी थांबलं की आधीचा थर आवळायला लागतो, वरचा नवा थर त्याला नीट धरत नाही आणि तिथे कायमचा कच्चा सांधा राहतो. त्याची घाई खरी असते. पण आपण जेव्हा "हो, गाडी निघालीच" असं म्हणतो, तेव्हा ती घाई आपल्या पगारावरच्या माणसांच्या अंगावर टाकतो. मग ड्रायव्हर साखळी एकदाच ओढून बघतो, हमाल बूट न घालता वर चढतो, फाळक्याची, म्हणजे गाडीच्या हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूची, एक कडी तशीच राहते. म्हणून वेळ सांगताना भरणी, बांधणी आणि वजनकाटा धरून सांग. अर्ध्या तासाची थाप मारून दोन तासांनी पोचण्यापेक्षा दोन तास सांगून पावणेदोन तासांत पोचणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं. नाही आलं तर नाही आलं.

आता ग्रॅनाइटच्या लाद्यांबद्दल, कारण या धंद्यात मला सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटते. 20 मिलिमीटर जाडीची लादी दर चौरस मीटरला सुमारे 54 किलो भरते. 3 मीटर लांब आणि 1.8 मीटर रुंद अशी एक अखंड लादी म्हणजे 290 किलोंच्या आसपास. घोडीवर, म्हणजे लाद्या टेकवायच्या तिरक्या चौकटीवर, त्या जवळजवळ उभ्याच ठेवलेल्या असतात. पट्टा सोडला, गाडी जराशी एका अंगाला कललेली असली, की सगळ्यात बाहेरची लादी हळूच पुढे येते. अगदी हळू येते, आणि म्हणूनच फसवते. समोरच्या माणसाला वाटतं, हाताने थोपवता येईल. दोन्ही तळहात आपोआप वर जातात. तोवर तिच्या मागच्या दोन लाद्याही निघालेल्या असतात, आणि तो माणूस त्या लाद्या आणि मागचा फाळका यांच्या मध्ये सापडतो. म्हणून उतरवणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवायची ती ही, की पडणारी लादी पडू द्यायची. फुटली तर फुटली, तिचा भुर्दंड आपण सोसू, हे त्याला आधीच, चारचौघांत सांगून ठेव. नुकसान पगारातून कापलं जाईल अशी भीती असलेला माणूस हात पुढे करणारच. पट्टा सोडण्याआधी गाडी सपाट जागेवर आहे का ते बघायचं, घोडीच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने लाद्या काढायच्या आणि लादीच्या पडण्याच्या वाटेत कुणीही उभं राहायचं नाही. अशा ठिकाणी हेल्मेट उपयोगाचं नाही. हेल्मेटशी माझं भांडण नाही, ते डोक्यावर हवंच. पण सगळ्यांना हेल्मेट वाटून, भिंतीवर पाटी लावून आपली जबाबदारी संपली असं मानणारे मालक मी पाहिलेत, आणि त्यांच्या गोदामात पाऊल टाकायला मला आवडत नाही.

सळईचं गणित तुला तोंडपाठ असू दे. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि 162 ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिलिमीटरची सळई मीटरला 0.89 किलो, म्हणजे 12 मीटरचा अख्खा नग साधारण 10.7 किलो. नग मोजून काट्याच्या पावतीशी ताडून बघ. कारखान्यातल्या मालात थोडा फरक चालतो, त्याची मर्यादा मालासोबत येणाऱ्या कारखान्याच्या प्रमाणपत्राशी पडताळ. फरक त्याबाहेर गेला तर एकतर सळई बारीक आहे नाहीतर काटा चुकतोय. प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (पोलाद ज्या घाण्यात ओतलं त्याचा नंबर) आणि बंडलाच्या बिल्ल्यावरचा नंबर एकच हवा, नाहीतर ते प्रमाणपत्र दुसऱ्याच मालाचं समज.

हेच वजन क्रेनलाही लागू होतं. दोन टनांचं बंडल दोन पायांच्या स्लिंगने, म्हणजे हुकाला अडकवायच्या दोन पदरी दोराने किंवा साखळीने, उचललं आणि पाय आडव्या रेषेशी 60 अंशांत राहिले, तर प्रत्येक पायावर सुमारे 1.15 टन ताण येतो. पाय पसरून कोन 30 अंशांवर आला, की प्रत्येक पायावर पुरे दोन टन. बंडल तेच, पण आखूड स्लिंग मिळालं म्हणून तसंच अडकवलं की ताण जवळजवळ पावणेदोन पट होतो. क्रेनवाला म्हणेल, "रोजचंच आहे, काही होत नाही." त्याच्याशी वाद घालू नकोस. लांब स्लिंग आणायला सांग आणि ते येईपर्यंत उचल थांबव. बंडल बांधलेली तार ही फक्त नग एकत्र ठेवण्यापुरती असते, त्या तारेत हूक घालू द्यायचा नाही. आणि वर भार असताना खालून कुणी जायचं नाही, तू स्वतःसुद्धा.

सिमेंट साधं वाटतं, कारण ते रोजचं आहे. थप्पी दहा गोण्यांच्या वर नेऊ नकोस. त्याहून उंच गेली की खालच्या गोण्या दाबाने आवळतात आणि वरच्या ढासळतात. खाली फळ्या, भिंतीपासून अंतर, आणि आधी आलेला माल आधी बाहेर. तीन महिने पडून राहिलेलं सिमेंट ढोबळमानाने आपली पाचव्या हिश्शाची ताकद गमावून बसतं, म्हणून गोणीवरची तारीख बघूनच गाडीत चढव. थप्पी फोडायची ती वरून, पायऱ्यापायऱ्यांनी. मधूनच एक गोणी ओढणारा हमाल चपळ दिसतो, पण वरची रांग त्याच्याच अंगावर येते. 50 किलोची गोणी दिवसभर पाठीवर वाहणाऱ्याची कंबर म्हातारपणाची वाट बघत नाही. जिथे 25 किलोची गोणी मिळते तिथे ती घे. एरवी ट्रॉली आणि गाडीच्या उंचीचा ओटा यांवर पैसा घालायला कचरू नकोस.

ओल्या सिमेंटचा पीएच 12 ते 13 असतो, म्हणजे ते चांगलंच दाहक. पण लगेच चुरचुरत नाही, आणि गोम तिथेच आहे. गमबुटात थोडा रबडा गेला तर माणूस तसाच काम करत राहतो. संध्याकाळी बूट काढतो तेव्हा घोट्याची कातडी पांढरी पडून सुटायला लागलेली असते. बुटात गेलं की तिथल्या तिथे बूट आणि मोजा काढून भरपूर पाण्याने धुवायचं. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, निदान 15 ते 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि थेट डॉक्टरकडे न्यायचं. गोदामात पाण्याचा नळ मोकळा ठेव, त्याच्यापुढे टाइल्सची खोकी रचू देऊ नकोस.

धुळीचं तर दिसतच नाही. लादी किंवा ब्लॉक कोरडा कापला की सिलिकाचे कण उडतात, ते फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून कृत्रिम दगडाच्या लाद्यांवर बंदी घातली ती याच कारणाने, त्या कापणारे तरुण कारागीर आजारी पडत होते म्हणून. आपल्या आवारात कापायचं तर पाणी सोडूनच. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, श्वसनाचा मास्क लागतो आणि तो चेहऱ्याला घट्ट बसायला लागतो. झाडूने कोरडी धूळ लोटणंही बंद कर.

वाळूच्या ढिगाला पायथ्याशी कोरू द्यायचं नाही. ओलसर वाळू भिंतीसारखी उभी राहते आणि मग एकदम खाली बसते. तीच ओलसर वाळू मापाने घेतलीस तर तोटाही होतो, कारण थोड्या पाण्याने ती 20 ते 30 टक्के फुगते. ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांच्या मापावर, घेतलेल्या मालात तेवढी हवा विकत घेतेस. वजनावर घ्यायची असेल तर आधी ओल बघ. आणि डंपरचा हौदा वर करण्याआधी डोक्यावर तारा आहेत का हे बघायला एक माणूस खाली उभा हवा. हौदा तारेला लागलाच तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी लांब जायचं. आग लागली तरच खाली यायचं, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून. गाडीला हात आणि जमिनीला पाय, असं एकाच वेळी होता कामा नये.

उधारीबद्दल थोडंच सांगतो. नफा 5 टक्के असेल तर बुडालेलं एक बिल भरून काढायला तेवढ्याच रकमेची वीसेक बिलं करावी लागतात, आणि त्या वीस बिलांची भरणी-उतरणीही आपल्याच माणसांना करावी लागते. वसुली अडकली की मालक जास्त गाड्या पळवतो, टायर महिनाभर पुढे ढकलतो, एक हमाल कमी करतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची उधारीची मर्यादा ठरव आणि ती ओलांडली की माल थांबव, मग तो कितीही जुना ओळखीचा असो. माल पोचल्याच्या चलनावर गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय गाडी परत फिरवू नकोस.

एक अधिकार मात्र सगळ्यांना दे. "थांबा" असं कालच लागलेला पोरगा जरी ओरडला, तरी क्रेन थांबली पाहिजे. दहातल्या नऊ वेळा त्याला काहीतरी चुकीचंच वाटलेलं असेल. तरी त्याच्यावर कुणी हसता कामा नये, आणि सगळ्यात आधी तू हसू नकोस.

फोर्कलिफ्टचा रिव्हर्सचा भोंगा मध्येच बंद पडतो. मिस्त्रीला निरोप दिलाय, पण त्याचा भरवसा नाही. तो दुरुस्त होईपर्यंत ती गाडी बाहेर काढू देऊ नकोस, टाइल्स हातट्रॉलीने हलवा. आणि ज्यांना आज संध्याकाळचा माल कबूल केलाय, त्यांना सकाळीच फोन करून उद्याची वेळ सांग.

तुझा,
बाबा